रस्ता कोणाचा? भारतातल्या ट्रामचा दीडशे वर्षांचा हिशेब

मराठवाड्यातून मुंबईला रात्रीच्या बसने जाणाऱ्या माणसाला ‘दादर टीटी’ हे ठिकाण सांगावे लागत नाही. पहाटे सामान घेऊन अनेकजण तिथेच उतरतात. पण ‘टीटी’ म्हणजे काय, असे विचारले तर रेल्वेचा तिकीट तपासनीस आठवतो. ही अक्षरे त्याची नव्हेत. ती ‘ट्राम टर्मिनस’ची आहेत. तिथे ट्राम येऊन संपायची, म्हणून ते टर्मिनस. शेवटची ट्राम ३१ मार्च १९६४ च्या रात्री बोरीबंदरहून निघून दादरला पोचली आणि मुंबईचे ट्रामपर्व संपले. त्याला साठ वर्षे उलटून गेली, तरी नाव टिकून आहे.

‘बेस्ट’ या नावाचेही तसेच. आज त्यातल्या ‘टी’चा अर्थ ‘ट्रान्सपोर्ट’ असा लावला जातो. १९०५ साली कंपनी स्थापन झाली तेव्हा तो ‘ट्रामवेज’ होता. पुढे ट्राम गेली आणि अक्षर तेवढे उरले.

ट्रामवर मराठीत जे लिहिले गेले आहे त्यात आठवणींचा सूर मोठा आहे. घंटेचा टणटणाट, आण्या-दोन आण्यांची सफर, चालत्या ट्राममधून उडी मारण्याची ऐट. या आठवणी गोड आहेत, खऱ्याही आहेत. पण त्यांतून एका प्रश्नाचे उत्तर मिळत नाही. ट्राम आली का आणि गेली का? ‘बस आली, ट्राम गेली’ हे नेहमीचे उत्तर अपुरे आहे. निरनिराळ्या शहरांच्या तारखा शेजारी शेजारी मांडल्या की वेगळी गोष्ट दिसू लागते. ती यंत्राची कमी आणि कराराची जास्त आहे.

लोखंडावर लोखंड

आधी यंत्राचे पाहू. खडीच्या किंवा मातीच्या रस्त्यावर चाक रुतते, घासते, अडखळते. लोखंडी रुळावर लोखंडी चाक जवळजवळ विनासायास फिरते. त्यामुळे जी जोडी साध्या रस्त्यावर सात-आठ माणसांची गाडी कशीबशी ओढेल, तीच जोडी रुळावर कितीतरी अधिक उतारूंचा डबा ओढू शकते. रेल्वेचे तत्त्व हेच. फरक एवढाच की ट्रामचा रूळ खाचेचा असतो आणि रस्त्याच्या पातळीला बसवलेला असतो. त्यावरून बैलगाडी, टांगा, पादचारी, सगळ्यांना जाता येते. रेल्वेला स्वतःची जमीन लागते, तर ट्राम सार्वजनिक रस्त्यात भागीदार होते. पुढचे सारे तंटे या भागीदारीतून उद्भवले.

भारतातली पहिली ट्राम कोलकात्यात २४ फेब्रुवारी १८७३ रोजी सियालदह ते आर्मेनियन घाट या मार्गावर धावली. अंतर सुमारे अडीच मैल, ओढायला घोडे. उतारू पुरेसे मिळाले नाहीत आणि त्याच वर्षी २० नोव्हेंबरला ती बंद पडली. १८८० मध्ये लंडनमध्ये नवी कंपनी नोंदवली गेली, तेव्हा कुठे कोलकात्याची ट्राम रुळावर आली.

मुंबईने मात्र पहिल्याच प्रयत्नात जम बसवला. स्टर्न्स आणि किट्रेज या अमेरिकन मंडळींनी पुढाकार घेतला, १८७३ मध्ये बॉम्बे ट्रामवे कंपनी उभी राहिली, १८७४ मध्ये त्यासाठी स्वतंत्र कायदा झाला आणि ९ मे १८७४ रोजी सेवा सुरू झाली. मार्ग दोन. पहिला कुलाब्याहून क्रॉफर्ड मार्केटमार्गे पायधुणी आणि दुसरा बोरीबंदरहून काळबादेवीमार्गे पायधुणी. भाडे तीन आणे. छापील तिकीट नव्हते. गर्दी वाढली तसे भाडे दोन आण्यांवर आले, आणि नंतर तिकिटे छापावी लागली. गोविंद नारायण माडगावकरांचे ‘मुंबईचे वर्णन’ १८६३ चे, म्हणजे ट्रामच्या अकरा वर्षे आधीचे. त्यात ट्राम शोधणाऱ्याच्या हाती काही लागणार नाही. पण ती ज्या वस्त्यांमधून पुढे धावली त्यांची दाटी त्या पुस्तकात स्पष्ट दिसते. पायधुणीला दोन्ही मार्ग का मिळाले, ते नकाशापेक्षा त्या वर्णनातून लवकर समजते.

घोड्याच्या ट्रामचे खरे दुखणे घोडाच होता. डबा दिवसभर चालवता येतो, घोडा येत नाही. काही तास ओढून झाले की त्याला सोडून ताजी जोडी जुंपावी लागते. त्यामुळे प्रत्येक डब्यामागे अनेक घोडे पोसावे लागत. घोडा उभा असला तरी चारा-दाणा खातोच. विजेची ट्राम येण्याच्या सुमारास मुंबईच्या कंपनीकडे १,३६० घोडे होते, असा आकडा दिला जातो. त्यांचे तबेले, मोतद्दार, नालबंद, चंदी हा खर्च भाड्यातून काढायचा. दुष्काळात चारा महागला की तो भार थेट कंपनीवर पडे.

दिव्यांची आणि ट्रामची सोयरीक

देशातली पहिली विजेची ट्राम चेन्नईत, तेव्हाच्या मद्रासमध्ये, ७ मे १८९५ रोजी धावली. कोलकात्यात वीज २७ मार्च १९०२ रोजी आली. मुंबईचा दिवस पुन्हा ७ मेच, पण १९०७ चा. त्याच वर्षीच्या जूनमध्ये कानपूर आणि ६ मार्च १९०८ रोजी दिल्ली. तेरा वर्षांत पाच शहरे.

या कंपन्यांच्या नावांकडे लक्ष द्यावे. मुंबईत ‘इलेक्ट्रिक सप्लाय अँड ट्रामवेज’, कानपुरात ‘इलेक्ट्रिक सप्लाय अँड ट्रॅक्शन’, दिल्लीत ‘इलेक्ट्रिक ट्रामवेज अँड लायटिंग’. वीजपुरवठा आणि ट्राम ही जोडी सगळीकडे आहे आणि तिचे कारण व्यवहारी आहे. त्या काळी विजेचा मुख्य उपयोग दिव्यांसाठी. दिवे संध्याकाळी लागतात. मग लाखो रुपये घालून उभारलेले वीजकेंद्र दिवसभर कोणासाठी चालवायचे? ट्राम सकाळपासून रात्रीपर्यंत वीज खाते. ट्राममुळे वीजकेंद्राला दिवसाचे गिऱ्हाईक मिळाले आणि वीजकेंद्रामुळे ट्रामची घोड्यापासून सुटका झाली. मुंबईच्या घराघरांत जो पहिला बल्ब लागला, त्यामागे अशा रीतीने रस्त्यावरच्या ट्रामचाही हिशेब होता.

या सोयरिकीचा एक परिणाम पुढे झाला. घरगुती आणि कारखान्यांची मागणी वाढली तेव्हा वीजकेंद्राला ट्रामची गरज उरली नाही. धंद्याचा फायदेशीर भाग वीज ठरला आणि ट्राम ही सांभाळायची बाब झाली.

नाशिक : आपल्या शेजारची ट्राम

महाराष्ट्रात ट्राम म्हटले की मुंबई, असे आपण धरून चालतो. पण नाशिकलाही ट्राम होती, १८८९ पासून. जुन्या नगरपालिकेजवळच्या मेन रोडपासून नाशिक रोड रेल्वे स्टेशनपर्यंत, सुमारे आठ ते दहा किलोमीटर. दोन डबे आणि ते ओढायला चार घोडे. पुढे तिथे पेट्रोलवर चालणारे इंजिन आले. १९३१ ते १९३३ च्या दरम्यान ती तोट्यात जाऊन बंद पडली. दुष्काळ आणि प्लेग यांनी तिचे कंबरडे मोडले, असे सांगतात.

नाशिकची गरज मुंबईपेक्षा वेगळी होती. ग्रेट इंडियन पेनिन्सुला रेल्वेचा मार्ग शहराला दूर ठेवून गेला होता. रामकुंडावर येणारा यात्रेकरू स्टेशनवर उतरे आणि पुढचे अंतर टांग्याने किंवा पायी काढी. ट्रामने ते तोडले. कानपूरच्या ट्रामची आखणीही अशीच, रेल्वे स्टेशन ते गंगेवरचा सरसैया घाट. तिथे एकच मार्ग होता, चारेक मैलांचा, आणि तीही १६ मे १९३३ रोजी थांबली. दोन्ही शहरांत नदीचा घाट आणि रेल्वे स्टेशन ही दोन टोके होती. एकाच दोरीवर लोंबकळणाऱ्या या ट्राम होत्या. ती दोरी मोटारीने कापली की दुसरा आधार नव्हता.

नाशिकच्या ट्रामशी एव्हरार्ड कॅल्थ्रॉप या अभियंत्याचे नाव जोडलेले आहे. ग्रेट इंडियन पेनिन्सुला रेल्वेत नोकरी केलेला हा माणूस. मुख्य रेल्वेपासून दूर राहिलेल्या गावांना स्वस्त, अरुंद रुळांनी जोडावे, या कल्पनेने त्याला झपाटले होते. नाशिकच्या रुळांतले अंतर अडीच फूट होते. त्याच अडीच फुटांवर त्याने १८९७ मध्ये बार्शी लाइट रेल्वे सुरू केली. ती १९११ मध्ये निजामाच्या हद्दीत लातूरपर्यंत आली. ज्यांनी लातूर-कुर्डुवाडीची छोटी गाडी पाहिली आहे, त्यांनी नाशिकच्या ट्रामची धाकटी बहीणच पाहिली आहे. मराठवाड्यात ट्राम आली नाही हे खरे, पण तिचे माप आले.

औरंगाबादला ट्राम का नव्हती?

हा प्रश्न आमच्या शहरात, आजच्या छत्रपती संभाजीनगरात, कोणी फारसा विचारत नाही. शहर लहान होते, हे उत्तर पुरत नाही. १९०१ च्या खानेसुमारीत औरंगाबाद आणि नाशिक ही दोन्ही शहरे चाळीस हजारांच्या आतलीच. नाशिकला ट्राम परवडू शकली, कारण तिथे स्टेशन लांब होते आणि यात्रेकरूंचा ओघ बारमाही होता. हैदराबाद-गोदावरी खोऱ्याची मीटर गेज रेल्वे औरंगाबादला १९०० मध्ये आली आणि तिचे स्टेशन गुलमंडीपासून टांग्याच्या एका फेरीच्या अंतरावर होते. वेरूळ-अजिंठ्याचे प्रवासी येत, पण ते शहरात न थांबता बाहेर जात. रोज तेच अंतर कापणारा मोठा समूह इथे नव्हता. ट्रामला नेमका तोच लागतो.

राजधानी हैदराबादेतही ट्राम आली नाही. निजाम सरकारने दुसरी वाट धरली. १९३२ मध्ये निजामाच्या सरकारी रेल्वेने स्वतःचे रस्ते वाहतूक खाते उघडले आणि २७ बसगाड्यांनी सुरुवात केली. मुंबई राज्याची पहिली एसटी पुण्याहून अहमदनगरला १ जून १९४८ रोजी निघाली. म्हणजे सरकारी बस हैदराबाद संस्थानात सोळा वर्षे आधी होती. महत्त्वाचे हे की बस चालवणारी तिथे रेल्वेच होती. रूळ आणि रस्ता एका मालकाच्या हातात असल्याने बसला रेल्वेशी झगडावे लागले नाही. ट्रामच्या नशिबी असा मालक क्वचितच आला.

करारातली कलमे

आता मुख्य मुद्दा. ब्रिटनच्या १८७० च्या ट्राम कायद्यात दोन तरतुदी होत्या. एक, ठरलेली मुदत, तिथे २१ वर्षे, संपली की स्थानिक संस्थेला ट्राम विकत घेता येई. दोन, रुळांमधला आणि रुळांलगतचा थोडा रस्ता ट्राम कंपनीनेच दुरुस्त ठेवायचा. भारतात १८८६ चा ट्राम कायदा याच साच्यातून निघाला.

पहिली तरतूद नगरपालिकेच्या हिताची दिसते. पण कंपनीच्या जागी उभे राहून पाहा. मुदत संपायला दहा वर्षे उरली असतील आणि त्यानंतर मालमत्ता दुसऱ्याची होण्याचा संभव असेल, तर नवे डबे आणि नवे रूळ कोण घालील? भाडेकरू घराला रंग देत नाही, त्यातलाच हा प्रकार. मुंबईचा करार १९०५ चा. महापालिकेने ७ ऑगस्ट १९४७ रोजी, स्वातंत्र्याच्या आठवडाभर आधी, बेस्ट ताब्यात घेतली. मधली वर्षे ४२, एकवीसाची दुप्पट.

दुसरी तरतूद आणखी बोलकी आहे. ट्राम कंपनी आपल्या वाट्याचा रस्ता राखत होती. त्याच रस्त्यावरून टांगे, ट्रक आणि मोटारी धावत होत्या, पण त्यांच्यावर रस्त्याच्या दुरुस्तीचे असे थेट ओझे नव्हते. मोटार कर भरे, हे खरे. पण फावडे घेऊन रस्ता दुरुस्त करायला तिला कोणी लावले नाही. बस जिंकली, असे म्हणताना ही शर्यत समान नव्हती, हे सांगायला हवे. ट्रामने रस्ता विकत घेतल्यासारखा सांभाळला आणि बसला तो तयार मिळाला.

तिसरी गोष्ट भाड्याची. भाडे वाढवायला सरकारची किंवा पालिकेची संमती लागे आणि लोकांची त्याहून जास्त. कोलकात्यात जुलै १९५३ मध्ये ब्रिटिश मालकीच्या कंपनीने दुसऱ्या वर्गाचे भाडे एका पैशाने वाढवले. शहर पेटले. ट्राम जाळल्या गेल्या, आणि वाढ मागे पडली. उतारूंचे म्हणणे चुकीचे नव्हते. नुकत्याच स्वतंत्र झालेल्या देशात लंडनच्या भागधारकांसाठी गरिबाने पैसा का द्यावा? पण दुसऱ्या महायुद्धानंतर पगार, पोलाद आणि तांबे सगळेच महागले होते, हेही खरे. भाडे गोठलेले आणि खर्च वाहता, अशा स्थितीत जुना डबा आणखी जुना होत गेला. मद्रासमध्ये त्याच वर्षी १२ एप्रिलला ट्राम कायमची थांबली. कंपनीचे दिवाळे निघाले होते आणि ती चालवायला दुसरे कोणी पुढे आले नाही.

मुंबईचा निर्णय

मुंबईत गोष्ट निराळी होती आणि म्हणून अधिक विचार करण्याजोगी आहे. तिथे पहिली बस १५ जुलै १९२६ रोजी अफगाण चर्च ते क्रॉफर्ड मार्केट अशी धावली. ती चालवणारी ट्राम कंपनीच होती. १९२० मध्ये तिने दुमजली ट्राम आणली होती. म्हणजे बस ही बाहेरून आलेली शत्रू नव्हती, घरातलीच होती. १९४७ नंतर मालकही लोकनियुक्त महापालिका झाली. भागधारकांचा प्रश्न मिटला. तरीही सतरा वर्षांत ट्राम गेली.

पन्नाशीच्या दशकात एकेक मार्ग बंद होत गेला. कारण सांगितले जाई ते वाहतुकीच्या कोंडीचे. ट्रामला वळता येत नाही, रस्त्याच्या मधोमध उभी राहते, मागची रांग अडवते. हे सारे डोळ्यांना दिसणारे होते. पण कोंडी करणारे वाहन कोणते, हे मोजण्याची पद्धत तेव्हा निराळी होती. रस्त्यातून किती गाड्या गेल्या ते मोजले जाई. किती माणसे गेली, ते मोजले असते तर पन्नास-साठ उतारूंचा एक डबा आणि एकेका माणसाची मोटार यांची तुलना वेगळी दिसली असती. मोटारवाल्याचा खोळंबा हा शहराचा खोळंबा ठरला. ट्राममधल्या कारकुनाचा, गिरणीतल्या कामगाराचा खोळंबा कोणी स्वतंत्रपणे धरला नाही.

मुंबईने मधला मार्गही करून पाहिला. १९६२ मध्ये गोवालिया टँक ते माझगाव डॉक या मार्गावर ट्रॉलीबस आली, म्हणजे वरची तार ट्रामची आणि खालची चाके बसची. ती १९७१ मध्ये बंद झाली. दिल्लीची ट्राम मुंबईच्या एक वर्ष आधी, १९६३ मध्ये संपली होती. फाळणीने सीमेपलीकडे गेलेल्या कराचीत ती १९७५ पर्यंत रेंगाळली.

उरले कोलकाता. तिथे राज्य सरकारने १९६७ मध्ये व्यवस्थापन हाती घेतले. मैदानाच्या हिरवळीतून जाणारे काही रूळ वाहतुकीपासून वेगळे होते, हेही तिच्या दीर्घायुष्याचे एक कारण. २०२३ मध्ये दीडशे वर्षे साजरी झाली आणि सप्टेंबर २०२४ मध्ये राज्याच्या परिवहन मंत्र्यांनी एस्प्लनेड-मैदानाचा वारसा मार्ग सोडून बाकी ट्राम बंद करण्याचे जाहीर केले. कारण पुन्हा तेच, कोंडी. साठ वर्षांत युक्तिवाद एका शब्दाने बदललेला नाही.

जमा आणि खर्च

फ्रान्समध्ये बहुतेक शहरांनी ट्राम उखडली होती. १९८५ मध्ये नांतने आणि १९९४ मध्ये स्ट्रासबुर्गने ती नव्याने घातली. त्यांनी जुनी ट्राम परत आणली नाही. त्यांनी रस्त्याचा एक पट्टा मोटारींकडून काढून ट्रामला दिला. यंत्र तेच, करार बदलला.

आपल्याकडे नाशिकसाठी फेब्रुवारी २०२१ च्या केंद्रीय अर्थसंकल्पात ‘मेट्रो निओ’ प्रकल्पाला २,०९२ कोटी रुपयांची तरतूद सांगितली गेली. वरच्या तारेवर चालणारी, रबरी चाकांची ही जोडबस म्हणजे माझगावच्या ट्रॉलीबसची नात आणि मेन रोडच्या ट्रामची पणती. आमच्या शहरातही शेंद्रा ते वाळूज अशा मार्गाची चर्चा होत असते. २०११ च्या जनगणनेत या शहराची लोकसंख्या पावणेबारा लाखांच्या घरात होती, आणि आता रोज तेच अंतर कापणारा मोठा समूह आहे. १९०० मध्ये जो नव्हता, तो आता चिकलठाण्याच्या आणि वाळूजच्या पाळ्यांना जातो. त्यातला मोठा भाग शेअर रिक्षात दाटीवाटीने बसलेला असतो किंवा दुचाकीवर जीव मुठीत धरून असतो. शहर बस २०१९ मध्ये नव्याने सुरू झाली. पण जालना रोडवर तिला स्वतःची अशी वीतभर जागा नाही. मोंढा नाका आला की तीही सगळ्यांसारखी अडकते.

म्हणून कोणते वाहन आणायचे, हा वाद मला दुय्यम वाटतो. दीडशे वर्षांची कागदपत्रे वेगळे काही सांगतात. कोणतेही सार्वजनिक वाहन आले की चार गोष्टी पाहाव्यात. रस्त्यात त्याला राखीव जागा आहे का? रस्ता दुरुस्तीचा भार कोणावर आहे? भाडे आणि खर्च यांतली तूट कोण भरणार, हे आधी ठरले आहे का? आणि कोंडी मोजताना गाड्या मोजणार की माणसे? मुंबईने हे प्रश्न १९६४ मध्ये सोडवले नाहीत. ट्राम काढली आणि प्रश्न डांबराखाली झाकले.

डांबराखालची वस्तू मात्र नाहीशी होत नाही. अलीकडे फ्लोरा फाउंटन परिसराच्या दुरुस्तीत खोदकाम झाले, तेव्हा ट्रामच्या जुन्या रुळांचे तुकडे वर आले. ते वारसा म्हणून जपण्याचे ठरले, हे चांगलेच. त्यांच्याबरोबर १९०५ चा करारही काचेत लावला, तर पाहणाऱ्याला रुळांचा अर्थ कळेल.